सामान्यनामाचे मोल : ब्राउझरमधील शोधसुविधा आणि डोमेन नावांच्या मूल्याचा इतिहास (१९९५ ते २०२४)

प्रस्तावना

पुण्यात क्रमिक पुस्तके घ्यावयाची असली तर ग्राहक दुकानाचे नाव विचारीत नाही. तो अप्पा बळवंत चौकाची वाट धरतो. विजेचे साहित्य हवे असले तर तपकीर गल्ली गाठतो. अशा ठिकाणच्या गाळ्याला जी किंमत येते, ती दुकानदाराच्या कर्तबगारीइतकीच त्या जागेच्या लौकिकाचीही असते. इंटरनेटच्या पहिल्या दशकात काही डोमेन नावांना नेमके असेच मोल होते. लग्न, नोकरी, विमा, प्रवास, व्यापार यांसारखे नित्याच्या व्यवहारातील शब्द ज्यांनी आधी नोंदवून ठेवले, त्यांना ग्राहक शोधण्याची गरज नव्हती. ग्राहकच तो शब्द टंकित करून त्यांच्या दारी येत होता.

हे मोल पुढे बदलले. तो बदल बाजारातील तेजीमंदीचा नव्हता. ब्राउझरच्या माथ्यावरील एका चौकटीचे कार्य बदलल्यामुळे तो घडून आला. जी चौकट केवळ पत्ता लिहिण्यासाठी होती ती हळूहळू शोध घेण्याची चौकट झाली. प्रस्तुत निबंधात या स्थित्यंतराचा इतिहास तीन अंगांनी तपासला आहे : ब्राउझरच्या रचनेतील बदल, भारतीय न्यायालयांपुढे आलेले वाद आणि पुण्यातील प्रगत संगणन विकास केंद्राच्या, म्हणजे सी-डॅकच्या, सहभागातून साकार झालेली देवनागरी डोमेन नावे. यातून पुढे येणारे प्रतिपादन असे की, कायद्याने सामान्यनामावर कोणाचीही मक्तेदारी होऊ दिली नाही. परंतु त्या शब्दाचे आर्थिक मूल्य शब्द नोंदविणाऱ्याकडून ब्राउझर व शोधयंत्र चालविणाऱ्याकडे गेले, आणि मराठीसारख्या भाषेला आपल्या लिपीतील पत्ता मिळाला तेव्हा हे स्थलांतर बहुतांशी पूर्ण झालेले होते.

डोमेन नाव : सामान्यनाम व विशेषनाम

संगणकांचे अंकांतील पत्ते लक्षात ठेवणे माणसाला कठीण असल्याने १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी जॉन पोस्टेल यांच्या सहकार्याने डोमेन नावांची पद्धती मांडली. या पद्धतीत नाव हे अंकांच्या पत्त्याचे सुलभ रूप होते. ते कोणाची मालमत्ता ठरेल असा विचार त्या काळी प्रमुख नव्हता. नोंदणी प्रथम येणाऱ्यास प्रथम या न्यायाने होई आणि सप्टेंबर १९९५ पर्यंत त्यासाठी शुल्कही नव्हते. त्या महिन्यात अमेरिकेतील नेटवर्क सोल्युशन्स या नोंदणीकर्त्या कंपनीने वार्षिक ५० डॉलर शुल्क लागू केले. त्याच्या आदल्याच महिन्यात, १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमाने मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास या चार शहरांत सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली होती. पुण्यासारख्या शहरांत ती त्यानंतर पोहोचली. म्हणजे भारतीय वापरकर्ता इंटरनेटवर आला तोच मुळी नावांना किंमत येऊ लागण्याच्या काळात.

मराठी व्याकरणातील सामान्यनाम व विशेषनाम हा भेद येथे उपयोगी पडतो. कंपनीने घडविलेले किंवा व्यक्तीच्या नावावरून आलेले डोमेन हे विशेषनाम होय. त्याचे मूल्य त्या कंपनीच्या लौकिकातून येते. ‘बिझनेस’, ‘शादी’, ‘नौकरी’ हे शब्द सामान्यनामे होत. त्यांचे मूल्य भाषेने, म्हणजेच समाजाने, आधीच निर्माण करून ठेवलेले असते. नोंदणी करणारा ते फक्त अडवून ठेवतो. या विषयातील सर्व वादांचे मूळ या भेदात आहे.

पत्त्याच्या चौकटीचा सुवर्णकाळ

१९९० च्या दशकातील शोधयंत्रे आजच्या तुलनेने दुबळी होती. त्यामुळे माहिती शोधण्यापेक्षा अंदाजाने पत्ता टंकित करणे अनेकांना सोयीचे वाटे. नेटस्केप या त्या काळच्या आघाडीच्या ब्राउझरने या सवयीला खतपाणीच घातले. चौकटीत एकच शब्द लिहिला तर त्याच्या आगेमागे ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ आणि ‘डॉट कॉम’ जोडून तो ब्राउझर त्या पत्त्यावर जाण्याचा प्रयत्न करी. ही बारीकशी सोय ऐतिहासिकदृष्ट्या फार महत्त्वाची आहे. तिच्यामुळे इंग्रजी शब्दकोशातील प्रत्येक शब्द जणू ‘डॉट कॉम’ धारण करणाऱ्याच्या दारात जाऊन उभा राहिला. सामान्यनामांचे मोल ब्राउझरने पुढे कमी केले हे खरे. पण आरंभी ते वाढविलेही ब्राउझरनेच, ही बाब या विषयाच्या चर्चेत सहसा दुर्लक्षित राहते.

या मोलाची साक्ष व्यवहारांतून मिळते. बिझनेस डॉट कॉम हे नाव १९९९ मध्ये ७५ लाख डॉलरना विकले गेले आणि त्यावर उभारलेल्या व्यवसायासह २००७ मध्ये ३४.५ कोटी डॉलरना. २००४ मध्ये मार्चेक्स या अमेरिकी कंपनीने १ लाखांहून अधिक डोमेन नावांचा एक संच सुमारे १६.४ कोटी डॉलरना घेण्याचे जाहीर केले. या नावांवर वाचनीय मजकूर फारसा नव्हता. लोक शब्द टंकित करून तेथे येत, समोर दिसणाऱ्या जाहिरातींपैकी एखादीवर टिचकी मारीत आणि मालकाला उत्पन्न मिळे. भारतात सगाई डॉट कॉम या नावाने सुरू झालेल्या विवाहविषयक संकेतस्थळाने पुढे शादी डॉट कॉम हे नाव घेतले. त्या नावासाठी हाती असलेल्या भांडवलाचा मोठा भाग खर्च केल्याचे संस्थापक अनुपम मित्तल यांनी मुलाखतींतून सांगितले आहे. नव्या उद्योजकाने यंत्रसामग्रीऐवजी एका शब्दावर पैसा लावावा, यातच त्या काळाचे अर्थकारण दिसते.

चौकटीवरील ताबा

टंकित केलेला शब्द नेमका कोठे न्यावयाचा हे ठरविणाऱ्याच्या हाती मोठी सत्ता आहे, हे मात्र ब्राउझरनिर्मात्यांच्या लवकरच ध्यानात आले. १९९८ मध्ये नेटस्केपने ‘इंटरनेट कीवर्ड्स’ ही सुविधा आणली. मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्स्प्लोररने पत्ता म्हणून न जुळणारे शब्द आपल्या शोधसेवेकडे वळविण्यास सुरुवात केली. रिअलनेम्स या कंपनीने तर डोमेन नावांच्या वर सामान्य शब्दांचा एक स्वतंत्र थरच उभारला. तिच्याकडे नोंदविलेला शब्द इंटरनेट एक्स्प्लोररच्या चौकटीत लिहिला की ग्राहक थेट संबंधित संकेतस्थळावर पोहोचे. रोमनेतर लिप्यांतील शब्दही तिच्या योजनेत होते. २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टने करार पुढे चालू ठेवला नाही आणि रिअलनेम्स बंद पडली. दुसऱ्याच्या चौकटीत उभारलेले दुकान चौकटीच्या मालकाच्या मर्जीवर जगते, हा धडा त्यातून मिळाला.

पुढच्याच वर्षी हाच प्रश्न वेगळ्या दिशेने उपस्थित झाला. १५ सप्टेंबर २००३ रोजी ‘डॉट कॉम’ व ‘डॉट नेट’ यांची नोंदवही सांभाळणाऱ्या व्हेरिसाइन कंपनीने साइट फाइंडर ही सेवा सुरू केली. अस्तित्वात नसलेला पत्ता टंकित करणारा प्रत्येक जण तिच्या शोधपानावर पोहोचू लागला. तंत्रज्ञांनी तीव्र आक्षेप घेतले आणि डोमेन व्यवस्थेचे नियमन करणाऱ्या आयकॅन या संस्थेच्या तंबीनंतर ४ ऑक्टोबर २००३ रोजी ही सेवा थांबविण्यात आली. नोंदवही सांभाळणाऱ्याने जे केले ते अनुचित ठरले. ब्राउझर मात्र तेच काम सोय म्हणून करीत राहिला आणि वापरकर्त्यांनी त्याचे स्वागत केले.

निर्णायक टप्पा २००८ मध्ये आला. जूनमध्ये आलेल्या फायरफॉक्सच्या तिसऱ्या आवृत्तीत चौकटीत काही अक्षरे लिहिताच पूर्वी पाहिलेल्या पानांची यादी समोर येऊ लागली. सप्टेंबरमध्ये गूगलने क्रोम हा ब्राउझर आणला व त्यात पत्ता आणि शोध यांच्यासाठी ‘ओम्निबॉक्स’ ही एकच चौकट ठेवली. ॲपलच्या सफारीने २०१२ मध्ये आणि फायरफॉक्सने २०१७ मध्ये हीच रचना स्वीकारली. आता एकटा शब्द लिहिणे म्हणजे पत्ता लिहिणे राहिले नाही. तो प्रश्न विचारणे झाले. ‘डॉट कॉम’ हे शब्द न उमटविणाऱ्या वापरकर्त्याच्या दृष्टीने सामान्यनामाचा धारक हा शोधनिकालांतील अनेकांपैकी एक ठरला. सप्टेंबर २०१२ मध्ये गूगलने, केवळ डोमेन नाव शोधशब्दाशी तंतोतंत जुळते म्हणून निकृष्ट संकेतस्थळांना वरचे स्थान मिळू नये, असा बदल आपल्या क्रमवारीत केला. थेट टंकनातून मिळणारा लाभ आधीच आटत होता. क्रमवारीतील लाभही आता कमी झाला.

न्यायालयीन वादांतून दिसणारे स्थित्यंतर

या बदलाचे प्रतिबिंब भारतीय न्यायालयांतील वादांत कालानुक्रमे पाहावयास मिळते. डोमेन नावांसाठी भारतात स्वतंत्र कायदा नाही. १९९९ मध्ये रेडिफ विरुद्ध सायबरबूथ या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने, आणि २००४ मध्ये सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफिनेट या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, डोमेन नावाला व्यापारचिन्हाप्रमाणे संरक्षण मिळू शकते हे मान्य केले. ही दोन्ही प्रकरणे घडविलेल्या नावांची, म्हणजे विशेषनामांची होती. सामान्यनामांच्या बाबतीत मार्ग एवढा सरळ नव्हता.

पहिल्या टप्प्यातील वाद एकेका अक्षराचे आहेत. २००० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयापुढे ‘म्युच्युअलफंड्सइंडिया’ आणि ‘म्युच्युअलफंडइंडिया’ या नावांचा वाद आला. फरक एका ‘एस’ चा होता. शब्द वर्णनात्मक असून त्याला विशेष ओळख प्राप्त झालेली नाही, म्हणून मनाई हुकूम नाकारण्यात आला. २००२ मध्ये त्याच न्यायालयापुढे ‘नौकरी’ या शब्दाच्या दोन रोमन लेखनांचा वाद आला. एकात ‘के’ नंतर ‘ए’ होता, दुसऱ्यात नव्हता. येथे मात्र दीर्घ वापरामुळे नावाला स्वतंत्र ओळख मिळाल्याचे मानून मूळ संकेतस्थळाला संरक्षण देण्यात आले. निकाल परस्परभिन्न असले तरी दोन्ही वादांचे गृहीत एकच आहे : ग्राहक हाताने पत्ता टंकित करतो आणि एका अक्षराच्या चुकीने तो दुसऱ्याच्या दारी जाऊ शकतो.

दुसऱ्या टप्प्यात वादाचे स्थळ बदलले. २०१० मध्ये मद्रास उच्च न्यायालयात कॉन्सिम इन्फो विरुद्ध गूगल इंडिया हे प्रकरण चालले. भारतमॅट्रिमनी, तमिळमॅट्रिमनी अशा नावांच्या धारकाचा आक्षेप असा होता की, त्याच्या नावांतील शब्द शोधले असता प्रतिस्पर्ध्यांच्या जाहिराती दिसतात. प्रतिवादींमध्ये शादी डॉट कॉम चालविणारी कंपनीही होती. हे शब्द मूलतः वर्णनात्मक आहेत या विचाराने अंतरिम मनाई हुकूम देण्यास न्यायालयाने नकार दिला. चार वर्षांनी, २०१४ मध्ये, तीच कंपनी मुंबई उच्च न्यायालयात वादी म्हणून उभी राहिली. ‘शादी ही शादी’ या नावाच्या संकेतस्थळाने आपल्या पानांच्या अदृश्य खुणांमध्ये तिचे नाव वापरून शोधयंत्रांवरून येणारी रहदारी आपल्याकडे वळविल्याची तिची तक्रार न्यायालयाने ग्राह्य धरली. आता वाद चौकटीत चुकून टंकित होणाऱ्या अक्षराचा राहिला नव्हता. शोधनिकालातील स्थानाचा झाला होता.

तिसऱ्या टप्प्यात खुद्द शब्दाच्या मालकीचाच प्रश्न आला. २०१६ मध्ये ‘सेकंड शादी’ या नावाविरुद्ध त्याच कंपनीने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली असता न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी मनाई हुकूम नाकारला. ‘शादी’ हा बोलीतील सामान्य शब्द असून केवळ ‘डॉट कॉम’ जोडल्याने त्यावर मक्तेदारी मिळत नाही, हा या निर्णयाचा गाभा होय. पुणे शहर याच न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात येते. त्यामुळे विवाह, नोकरी वा घर यांसारख्या शब्दांवर व्यवसाय उभारणाऱ्या येथील उद्योजकांनाही हा निर्णय मार्गदर्शक ठरतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये बुकिंग डॉट कॉमच्या प्रकरणात काहीसा वेगळा विचार मांडला. ग्राहक एखाद्या नावाला सामान्यनाम न मानता विशिष्ट सेवेची ओळख मानीत असतील तर ते नोंदणीस पात्र ठरते, असे त्या न्यायालयाने म्हटले. दोन्ही विचारांत कसोटी एकच आहे : शब्दाला लोकमानसात वेगळी ओळख मिळाली आहे काय? ती नसेल तर शब्द सर्वांचाच राहतो.

शोधजाहिरातींचा प्रश्न मात्र तेथेच थांबला नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने गूगल विरुद्ध डीआरएस लॉजिस्टिक्स या प्रकरणात, व्यापारचिन्हांचा जाहिरातीसाठी कीवर्ड म्हणून केलेला वापर हा कायद्याच्या अर्थाने ‘वापर’ असल्याचे व गूगल त्यात केवळ निष्क्रिय मध्यस्थ नसल्याचे म्हटले. त्याच वेळी, असा वापर आपोआप उल्लंघन ठरत नाही, हेही स्पष्ट केले. विशेषनामाच्या धारकाला यातून काही आधार मिळतो. सामान्यनामाच्या धारकाला तो मिळणे कठीण आहे.

देवनागरी पत्ता आणि पुण्याचे योगदान

मराठी शब्दांच्या बाबतीत या इतिहासाला आणखी एक पदर आहे. डोमेन पद्धती मुळात रोमन अक्षरे, अंक व जोडरेघ एवढेच ओळखते. त्यामुळे मराठी सामान्यनाम इंटरनेटवर आले ते रोमन वेषात, आणि या वेषाचे लेखन निश्चित नव्हते. ‘विवाह’ हा शब्द ‘व्ही’ ने लिहावा की ‘डब्ल्यू’ ने, शेवटी ‘ए’ द्यावा की नाही, ‘नोकरी’ मध्ये मधला ‘ए’ ठेवावा की गाळावा, याला नियम नाही. खुद्द पुण्याच्या नावाची जुनी व नवी अशी दोन रोमन लेखने प्रचारात होती. हाताने टंकन करण्याच्या युगात मराठी सामान्यनाम पूर्णपणे राखावयाचे तर त्याची चार-पाच रूपे विकत घ्यावी लागत. इंग्रजी शब्दाच्या धारकाला हा भुर्दंड क्वचितच पडला.

यावरील खरा उपाय म्हणजे देवनागरीतील पत्ता. २००३ मध्ये इतर लिप्यांतील नावे रोमन संकेतावलीत रूपांतरित करण्याची प्रमाणपद्धती निश्चित झाली व २०१० मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली. भारतीय भाषांसाठी नियम ठरविण्याच्या कामात पुण्यातील सी-डॅकच्या जिस्ट या विभागाचा वाटा मोठा आहे. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेकडे भारतीय लिप्यांच्या संगणकीकरणाचा दीर्घ अनुभव होता. हे काम वरवर दिसते तितके सोपे नव्हते. एकच लिपी मराठी, हिंदी, कोंकणी, नेपाळी अशा अनेक भाषा वापरतात, पण प्रत्येकीच्या गरजा वेगळ्या. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे मराठीत भिन्न शब्द आहेत. हिंदीला हा भेद लागत नाही. ‘द्ध’ आणि ‘द्घ’ ही जोडाक्षरे लहान ठशात सारखीच भासतात, आणि पत्त्यात असा भास म्हणजे फसवणुकीला वाव. कोणते अक्षर, कोणत्या क्रमाने, कोणत्या रूपात पत्त्यात यावे, याचा निर्णय म्हणजे एका अर्थी लिपीच्या नव्या शुद्धलेखनाचीच मांडणी होती.

‘डॉट इन’ या भारतीय नोंदणीचे जानेवारी २००५ मध्ये उदारीकरण झाले व तिचे काम नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया या संस्थेकडे आले. त्याच संस्थेमार्फत २७ ऑगस्ट २०१४ रोजी देवनागरीतील ‘डॉट भारत’ सुरू झाले. हिंदी, मराठी, कोंकणी, बोडो, डोगरी, मैथिली, नेपाळी व सिंधी या ८ भाषांना त्याचा लाभ मिळाला. मराठी माणसाला आपला शब्द आपल्या लिपीत, रोमन लेखनाचा घोळ न घालता नोंदविता येऊ लागला.

कालक्रमाकडे पाहिले असता मात्र एक विसंगती ठळकपणे दिसते. पत्त्याच्या चौकटीत सामान्यनाम लिहून थेट दारी पोहोचण्याचा काळ २००८ नंतर ओसरू लागला होता. ‘डॉट भारत’ आले २०१४ मध्ये. तोवर वापरकर्ता देवनागरीत किंवा रोमन लिपीत, शुद्ध किंवा अशुद्ध, कसाही शब्द लिहून शोधयंत्राकडून बहुधा इच्छित ठिकाणी पोहोचू लागला होता. रोमन लेखनाच्या ज्या अडचणीतून देवनागरी पत्त्याची गरज निर्माण झाली, ती अडचण शोधसुविधेने वेगळ्याच मार्गाने दूर केली होती. परिणामी देवनागरी सामान्यनामांना इंग्रजी नावांसारखी बाजारपेठ लाभली नाही. सी-डॅकमधील कामाचे भाषिक व सांस्कृतिक महत्त्व याने उणावत नाही. पण आर्थिक मूल्याची गाडी त्यापूर्वीच फलाटावरून निघून गेली होती.

मूल्य कोठे गेले?

सामान्यनामांचे मोल संपले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. २०१९ मध्ये व्हॉइस डॉट कॉम हे नाव ३ कोटी डॉलरना विकले गेले. परंतु आता अशा नावाला किंमत येते ती प्रतिष्ठा, विश्वास व स्मरणसुलभता यांसाठी. आपोआप येणाऱ्या ग्राहकासाठी नव्हे. ते मूल्य कोठे गेले याचे उत्तर अमेरिकेतील एका न्यायनिर्णयात सापडते. ऑगस्ट २०२४ मध्ये तेथील जिल्हा न्यायालयाने गूगलने शोधसेवेतील मक्तेदारी बेकायदा मार्गांनी टिकविल्याचा निष्कर्ष काढला. ब्राउझर व मोबाइल संचांत आपलीच शोधसेवा आधीपासून निवडलेली असावी यासाठी गूगलने २०२१ या एका वर्षात २६.३ अब्ज डॉलर मोजल्याचे त्यात नमूद आहे. सर्वांत महाग सामान्यनामांपैकी एकाची कायमची किंमत काही कोटी डॉलर, आणि चौकटीवरील ताब्याचे एका वर्षाचे भाडे २६ अब्ज डॉलरहून अधिक, ही तुलना पुरेशी बोलकी आहे.

या बदलाची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. पूर्वी शब्द एकाच्याच हाती असे. उरलेल्यांना त्या दारातून प्रवेश नव्हता. शोधसुविधेमुळे स्वतःचे डोमेन नाव नसलेल्या छोट्या व्यावसायिकालाही ग्राहकापर्यंत पोहोचण्याची संधी मिळाली आणि इंग्रजी लेखन न जमणारा वापरकर्ता आपल्या भाषेत विचारू लागला. प्रथम नोंदविणाऱ्याची अनर्जित मिळकत कमी झाली, ही सामाजिकदृष्ट्या हानी म्हणता येणार नाही. परंतु जुन्या पद्धतीत शब्दाची किंमत एकदा मोजली की ती संपत असे; नव्या पद्धतीत त्याच शब्दासाठी जाहिरातदाराला प्रत्येक टिचकीगणिक बोली लावावी लागते.

निष्कर्ष

१. सामान्यनामाच्या डोमेनचे मूल्य शब्दात अंगभूत नव्हते. ब्राउझरची चौकट टंकित शब्दाचे काय करते यावर ते अवलंबून होते. ते वाढविले ब्राउझरने आणि घटविलेही ब्राउझरने.

२. भारतीय न्यायालयांतील वाद २००० च्या सुमारास अक्षरांच्या चुकांभोवती, २०१० नंतर शोधातील स्थानाभोवती फिरताना दिसतात. हे न्यायनिर्णय तंत्रज्ञानाच्या सामाजिक इतिहासाची विश्वसनीय साधने आहेत.

३. देवनागरी डोमेन नावे तांत्रिक व भाषिकदृष्ट्या मोठी सिद्धी असली तरी ती पत्त्याच्या युगाच्या अखेरीस अवतरली. त्यामुळे मराठी सामान्यनामांना इंग्रजीसारखी बाजारपेठ मिळाली नाही.

४. ‘शादी’ हा शब्द कोणा एकाचा नाही, असे न्यायालयाने २०१६ मध्ये म्हटले. मात्र जो शब्द कोणालाही विकत घेता येत नाही त्याचा क्षणोक्षणी लिलाव शोधयंत्राच्या पानावर चालतो आणि त्याचे उत्पन्न एकाच ठिकाणी जमा होते.

अप्पा बळवंत चौकात आजही कोणीही पायी जाऊ शकतो. कोणत्या दुकानात शिरावे हे तो स्वतः पाहून ठरवितो. इंटरनेटवरील चौकाच्या तोंडाशी मात्र एक वाटाड्या उभा आहे. तो नम्र आहे, जलद आहे आणि बहुतेक वेळा योग्य वाट दाखवितो. पण कोणते दुकान आधी दाखवावे यासाठी तो दुकानदारांकडून पैसे घेतो, याची जाणीव चौकात येणाऱ्यास असणे आवश्यक आहे. शब्द समाजाने घडविले. त्यांच्या वाटेवर कोण उभे राहावे, हा प्रश्न तंत्रज्ञांइतकाच भाषा, कायदा आणि इतिहास यांच्या अभ्यासकांचाही आहे.